उजव्या खुंटीवरची वजनं

बुपे कासोंदे शनिवारी दुपारी 'कोसा' व्यायामशाळेत आली तेव्हा भिंतीवरचं तिचं नाव पांढऱ्या रंगाखाली गेलेलं होतं. रंग अजून ओला होता. निरखून पाहिलं तर 'बुपे' आणि पुढचा ११५ हा आकडा आतून अंधूक दिसत होता.

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा म्हणजे कोसात रंगाचा दिवस. चोवीस तारखेच्या स्वातंत्र्यदिनाच्या आधी दरवर्षी लोखंडी वजनं घासून हिरवी करायची, त्यांच्यावर पांढरे आकडे काढायचे आणि भिंतीवरची यादी नव्याने लिहायची. आयुष्यात ज्याने जास्तीत जास्त जेवढं वजन जमिनीवरून उचललं तेवढा आकडा त्याच्या नावापुढे. खाणीच्या जुन्या वेल्फेअर हॉलमधल्या या व्यायामशाळेत लिहून ठेवलेली गोष्ट ही एवढीच. बाकी सगळे कायदे ती चालवणाऱ्या बा सांपांच्या तोंडी.

बा सांपा शिडीवर उभे होते. साठी ओलांडलेला माणूस, पूर्वी खाणीत लाकडी टेकू लावायच्या कामावर होता. खांदे अजून दारात मावत नव्हते. बुपे शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"बा सांपा, माझं नाव?"

"सहा महिने जो चौथऱ्यावर वजन घेऊन उभा राहत नाही त्याचं नाव राहत नाही." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "हा नियम तुझ्या आधीचा आहे."

"मी आठवड्यातून चारदा येते."

"कोपऱ्यात येतेस. कोपऱ्याची यादी नाही माझ्याकडे."

"करा की, बा मुदाला," वजनं पुसत बसलेला चिशाला शिडीवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला. तो खाणीत ट्रक चालवायचा, आणि यादीत त्याचं नाव सगळ्यात वर होतं, १६० वर. "आमची ही मायो, ही माउली, पहिली येईल. तिच्याशिवाय तिकडे जातंच कोण? त्या डब्यांमुळे तो कोपरा रंगाच्या दुकानासारखा दिसतो."

दोघं-तिघं हसले. बुपे हसली नाही. तिने कमरेला गुंडाळलेलं कापड, चितेंगे, सोडलं, घडी घातली, बाकावर ठेवली. हे सगळं करायला तिने जरुरीपेक्षा जास्त वेळ घेतला, कारण तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा तिला भरवसा नव्हता. आठ वर्षं ती इथे येत होती. यादीत ती एकटीच बाई होती. एकशेपंधरा हा आकडा तिने गेल्या वर्षी डिसेंबरात उचलला होता, या हॉलमध्ये, याच माणसासमोर.

"फेब्रुवारीत कंबर गेली म्हणून मी कोपऱ्यात गेले," ती म्हणाली. "तुम्हीच पाठवलंत."

आता मात्र ते शिडीवरून उतरले. "कंबर सगळ्यांची जाते. बाकीचे परत आले. तू दोनदा चौथऱ्यावर आलीस, साठ किलोवर, माझी सूनसुद्धा उचलेल एवढ्या वजनावर, आणि दोन्ही वेळा कंबर धरून खाली बसलीस. मुली, मी तुला तोंडावर सांगतो, मागून बोलत नाही. तुझा कणा वाकडा आहे. आईच्या पोटातून आलीस तशीच. बार उचलताना तू एका बाजूला जातेस. मी आठ वर्षं ओरडतोय, उजवी बाजू उचल, उजवी बाजू उचल. वाकड्या झाडाला किती टेकू लावणार?"

"आणि मी सरळ उचललं तर?"

"शंभर. पुढच्या शनिवारी. सरळ उचललंस तर मी माझ्या हाताने नाव लिहीन."

"ठीक आहे," बुपे म्हणाली, आणि कोपऱ्यात निघून गेली.

फेब्रुवारीत झालं ते असं. बारवर एकशेपाच किलो होते. चौथ्या वेळी बार गुडघ्यांपर्यंत आला आणि कमरेत उजवीकडे, आत खोल, कडी तुटावी तसं काहीतरी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मान डावीकडे वळलेली ती तशीच अडकली. तीन आठवडे ती जमिनीवर चटई टाकून झोपली. मोठ्या इस्पितळात फोटो काढले: कमरेतली एक गादी सरकलेली, मानेतली एक सरकण्याच्या बेतात. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि विचारलं, विणकाम वगैरे येतं का. बुपेने फोटो त्यांच्या हातातून काढून घेतला.

कोसातल्या लोकांना मात्र आनंद झाला होता. उजव्या कमरेतलं ते दुखणं तिथे जवळजवळ प्रत्येकाला होतं. त्याला 'कोसाचा शिक्का' म्हणत. नवा माणूस वर्षा-दीड वर्षाने पहिल्यांदा कंबर धरून बसला की त्याच्या पाठीवर थाप पडायची. शिक्का बसला, आता हा आपला. शेजारच्या कितवे शहरातल्या स्पर्धेत कोसाची माणसं दरवर्षी एकदोन उचली तिरक्या बारमुळे बाद करून घेत. परत येताना गाडीत म्हणत, कितवेच्या हॉलची फरशी उतरती आहे.

मुतिंता नावाची एक फिजिओथेरपिस्ट होती, तिने बुपेला परत उभं केलं. तिने वजन उचलू नको असं एकदाही म्हटलं नाही. दुखतं त्याला वळसा घालून जायचं, एवढंच तिचं म्हणणं. बार जमिनीवरून उचलायचा नाही, लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवून गुडघ्याच्या उंचीवरून उचलायचा, आणि दर महिन्याला ठोकळा एकेक फळी कमी करायचा. खांद्यावर बार घ्यायचा नाही. वजन हातात धरून एक पाय पुढे टाकून बसायचं. पाठीच्या व्यायामाला बाकावर पालथं झोपायचं. कपाळाला टॉवेल लावून मानेने ढकलायचं, दहा मोजेपर्यंत. आणि बार उचलताना नजर जमिनीवर, भिंतीवरच्या यादीवर नाही.

कोपऱ्यातल्या जुन्या बारला लावायला वजनं नव्हती, म्हणून बुपेने रंगाच्या रिकाम्या डब्यांत काँक्रीट ओतून स्वतः केली होती. प्रत्येक डबा काट्यावर तोलून, कमी असेल तिथे खिळे घालून. फेब्रुवारीपासून त्या डब्यांनी तिला हळूहळू नव्वदपर्यंत आणलं होतं, शेवटची फळी काढून, थेट जमिनीवरून. न दुखता. आणि चौथऱ्यावर साठ उचलले की कंबर धरायची. बा सांपा म्हणत, भीती. तिलाही तेच पटत आलं होतं. याचाच आता तिला सगळ्यात जास्त राग येत होता.

सोमवारी मुतिंताने तिला पालथं झोपवलं आणि अंगठ्यांनी कण्याच्या दोन्ही बाजू चाचपल्या.

"उजवी बाजू कमजोर आहे म्हणाले ना तुझे म्हातारबुवा?"

"आठ वर्षं म्हणतायत."

"त्यांना सांग, हात लावून बघा. उजवीकडचा स्नायू डावीकडच्या दीडपट आहे. कमजोर कसला, राबून राबून दगड झालाय." मुतिंताने अंगठे पुन्हा एकदा कमरेपासून मानेपर्यंत फिरवले. "तू उजव्या हाताने काही वाहतेस का? पाण्याची बादली, पोतं?"

"नाही."

"तुमच्या कोसाचे अजून दोघं येतात माझ्याकडे. नावं सांगणार नाही. तिघांचंही हेच. कंबर उजवी, मान डावी. तीन माणसांच्या तीन आया, बुपे. तिघींनीही वाकडीच पोरं काढली?"

बुपे उठून बसली.

मंगळवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे कामावर गेली. खाणीच्या प्रयोगशाळेत ती धातुकाच्या नमुन्यांमधलं तांबं मोजायची. दिवसाचं पहिलं काम ठरलेलं: काचेच्या पेटीतला काटा उघडायचा, चिमट्याने प्रमाण वजन त्याच्यावर ठेवायचं, आकडा वहीत लिहायचा, मग दिवसाच्या कामाला सुरुवात. बारा वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. नव्या मुलींना ती स्वतः शिकवायची, की आकडे कधी इकडे, कधी तिकडे चुकत असतील तर हात चुकतोय. सगळे एकाच बाजूला चुकत असतील तर नमुन्याला बोल लावू नका, काटा तपासा.

तिने चिमट्याने वजन उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं.

सगळे एकाच बाजूला. सगळे उजवीकडे.

कोसात नव्या माणसाला पहिल्या दिवशी पहिला धडा मिळायचा तो खुंट्यांचा. वीस किलोच्या चार प्लेट्स होत्या. दोन रॅकच्या डाव्या खुंटीवर, दोन उजव्या. डावीकडची प्लेट बारच्या डाव्या टोकाला, उजवीकडची उजव्या, आणि काम झालं की ज्या खुंटीवरची त्याच खुंटीवर. चुकलं तर बा सांपा हॉलला दहा फेऱ्या मारायला लावत. बार नेहमी एकाच दिशेला, उचलणाऱ्याचं तोंड नेहमी यादीच्या भिंतीकडे. अख्ख्या मुफुलिरा गावात एवढी शिस्तीची व्यायामशाळा दुसरी नव्हती, सगळे अभिमानाने सांगायचे. बेशिस्त जागी प्लेट्स इकडच्या तिकडे झाल्या असत्या. चूक आज या कमरेवर, उद्या त्या कमरेवर पडून वाटली गेली असती. इथे ती वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी पडत होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती आधी स्वतःवरच. रंगाचे फुटकळ डबे तिने तोलून घेतले होते. ज्यांच्यावर पांढऱ्या रंगात '२०' लिहिलेलं होतं त्या प्लेट्स तोलाव्यात असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

शुक्रवारी चार वाजता, बा सांपा चर्चच्या गायनमंडळात गेलेले असताना, ती चिशालाच्या गाडीतून पोती तोलायचा काटा घेऊन आली. प्रयोगशाळेच्या साहेबांची सही घेतली होती. सोबत लाकडी पेटीत वीस किलोचं प्रमाण वजन.

"मायो, वीस म्हणजे वीस," काटा उतरवताना चिशाला म्हणाला. "लिहिलंय बघ. परवाच मी रंगवलंय."

"रंग किती किलोचा असतो?"

"तुझं बोलणं ऐकून माणसाला घरी जावंसं वाटतं."

"जाऊ नकोस. प्लेट आण. डावीकडची."

आधी प्रमाण वजन ठेवलं. वीस पूर्णांक शून्य. मग डाव्या खुंटीवरची पहिली प्लेट: एकोणीस, एक. दुसरी: अठरा, नऊ. उजवीकडची पहिली: एकवीस, शून्य. दुसरी: वीस, नऊ. तिने चारही पुन्हा तोलल्या, मग क्रम बदलून तिसऱ्यांदा. आकडे हलले नाहीत. उजव्या प्लेट्स किंचित जाडही होत्या. कोसा सुरू झाल्यापासूनच्या एकोणीस वर्षांच्या हिरव्या रंगाखाली ते कोणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं.

चिशाला तिच्या खांद्यावरून वहीत बघत होता. "बेरीज किती?"

"ऐंशीला शंभर ग्रॅम कमी."

"बास की मग." त्याने मोठा सुस्कारा सोडला. "माझा जीव गेला होता. माझे एकशेसाठ शाबूत ना?"

"शाबूत."

"देवाची कृपा. मी म्हटलं आता ही बाई मला एकशेपन्नासवर आणते."

"डाव्या बाजूला अडतीस किलो आहेत, चिशाला. उजव्या बाजूला जवळजवळ बेचाळीस. प्रत्येक वेळी. तू इथे किती वर्षं आहेस?"

"अकरा."

"तुझं दुखतं कुठे?"

 त्याचा हात आपोआप मागे गेला आणि उजव्या कमरेवर टेकला. मग त्याने तिथे हात आहे हे पाहिलं आणि काढून घेतला.

"अरे देवा," तो हळूच म्हणाला.

शनिवारी हॉलमध्ये दहाबारा जण होते. बाहेर ऊन रणरणत होतं, धुराड्याचा वास घशाला लागत होता, आणि मध्यभागी काटा. बा सांपा वितुंबुव्यांचं, तळलेल्या गोड वड्यांचं, पुडकं घेऊन आत आले. रंगाच्या दिवसानंतरच्या शनिवारी ते सगळ्यांना खाऊ आणत. काटा पाहिला तसे थांबले.

"हे काय आहे माझ्या हॉलमध्ये?"

"काटा," बुपे म्हणाली. "तुमच्यासमोर तोलायचं होतं."

तिने चारही प्लेट्स एकेक करून ठेवल्या आणि आकडे मोठ्याने वाचले. आवाज चढवला नाही. प्रयोगशाळेत वाचते तसेच वाचले. तिचं बोलणं संपलं तेव्हा सगळे बा सांपांकडे बघत होते.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

त्यांनी पुडकं बाकावर ठेवलं.

"माहीत नसायला काय झालं? मीच ओतल्यात त्या. मेहुण्याच्या फाउंड्रीत, ब्रेकच्या भंगारातून. पहिल्या दोन पोकळ निघाल्या, आत बुडबुडे धरले. परत ओतायला कोळसा उरला नव्हता. मग पुढच्या दोघींचा साचा खोल केला, तेवढं कमी पडलेलं भरून काढायला. जोडी चाळीसची झाली पाहिजे, झाली. बेरीज बघितलीस ना तू? कोणाची हिंमत आहे सांपाने वजनात मारलं म्हणायची?"

"म्हणून खुंट्या," बुपे म्हणाली.

"म्हणून खुंट्या. नाहीतर कोणीही दोन हलक्या दोन टोकांना लावेल, सोय झाली तर, आणि भिंतीवर खोटा आकडा लिहून घेईल. माझ्या भिंतीवर एक आकडा खोटा नाही."

ते प्रामाणिकपणे बोलत होते. हे तिला दिसत होतं, आणि त्याने राग कमी होण्याऐवजी वाढत होता. या माणसाने चोरी केली असती तर काम सोपं झालं असतं.

"आकडा खरा राहावा म्हणून तुम्ही एवढं केलंत," ती म्हणाली. "आकडा उचलणाऱ्या माणसाचं काय?"

"दोन-चार किलोंचं काय घेऊन बसलीस? खाणीत टेकू उचलायचो तेव्हा लाकडाची दोन टोकं सारखी असायची का? माणूस सांभाळून घेतो."

"घेतो. मी घेतलं. उजव्या कमरेने घेतलं, मानेने घेतलं. अडतीस किलोची बाजू आधी वर जायची आणि मला वाटायचं माझंच अंग उजवीकडे पडतंय. तुम्ही ओरडायचात उजवी बाजू उचल, मी अजून जोर लावायचे." तिने उजव्या खुंटीकडे बोट दाखवलं. "खुंटीवर काय टांगलंय ते तुम्हाला माहीत होतं. तरी मला सांगितलंत की मी आईच्या पोटातून वाकडी आले."

"मला वाटलं, इतरांना चालतं, तर—"

"ज्यांची कंबर डावीकडे दुखते त्यांनी हात वर करा," बुपे म्हणाली.

एकही हात वर आला नाही. मागे कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला.

"शिक्का म्हणता तुम्ही त्याला," ती म्हणाली, सगळ्यांनाच. "पाठीवर थाप मारता."

मग ती प्लेट्सकडे वळली. बारच्या एका टोकाला एक हलकी आणि एक जड, दुसऱ्या टोकाला एक हलकी आणि एक जड. चाळीस, शून्य आणि एकोणचाळीस, नऊ. आठ वर्षांत पहिल्यांदा ती या चौथऱ्यावर दोन्ही बाजूंना सारख्या असलेल्या बारसमोर उभी होती. पण शंभरला तिने लगेच हात घातला नाही. संताप अंगात असला की स्नायू गरम झाल्यासारखे वाटतात. ते खरं नसतं, आणि दुसरी गादी सरकलेली तिला परवडणार नव्हती. तिने सगळं उतरवलं, फक्त दहा-दहाच्या प्लेट्स लावल्या, त्या बाजारातून आणलेल्या आणि काट्यावर बिनचूक निघालेल्या होत्या. बारचे स्वतःचे वीस धरून चाळीस, पाच वेळा. मग एकेक वीसची, दोन्ही हलक्याच, प्रत्येकीला छोटी एक किलोची चकती जोडून. मुतिंताची अट होती, बार बोटभर तिरका झाला की थांब. "चिशाला, मागे उभा राहा. तिरकं झालं तर सांग."

"आणि सांगितलं तर ऐकशील?"

"ऐकेन."

साठ. ऐंशी. नव्वद. प्रत्येक वेळी चिशाला म्हणाला, "सरळ." कंबर कधी धरेल याची ती वाट बघत होती. कंबर गप्प होती.

शंभर लावले. दोन्ही बाजूंना चाळीस. ती वाकली, बार पकडला. सवयीने मान वर जाऊन यादीकडे बघायला लागली. तिने ती खाली आणली आणि चौथऱ्याच्या फळीतल्या एका गाठीवर नजर रोवली. श्वास भरला. बार जमिनीवरून सुटताना क्षणभर काहीच झालं नाही, मग दोन्ही टोकं एकत्र सुटली. एकत्र सुटण्याचा आवाज वेगळा असतो. आठ वर्षं या चौथऱ्यावर तिने दर वेळी दोन खटके ऐकले होते, एकामागून एक. आज एकच आला. गुडघे ओलांडले. ती सरळ उभी राहिली, मनात दोन मोजले आणि बार खाली ठेवला.

"सरळ," चिशाला म्हणाला. मग कोणी न विचारता, "आईशप्पथ, एकदम सरळ."

बा सांपा शिडीकडे गेले. दिलेला शब्द पाळणारा माणूस होता, त्यात शंका नव्हती. ब्रश बुडवला. "बुपे," ते लिहिता लिहिता म्हणाले, "शंभर."

"एकशेपंधरा," बुपे म्हणाली. "ते मी डिसेंबरात उचललंय, तुमच्या देखत. बेरीज खरी होती ना? मग तेच लिहा. तिरक्या बारवर उचललं म्हणून ते कमी होत नाही."

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी ११५ लिहिलं. रंगाचा एक ओघळ खाली आला, तो अंगठ्याने पुसला.

"आता तू," ती चिशालाला म्हणाली, आणि बारला दोन्हीकडे दहाची एकेक प्लेट लावली. एकशेवीस. त्याला हे वजन म्हणजे गप्पा मारत उचलायचं. तो हात झटकत पुढे आला, बार पकडला, उचलला, आणि उजवं टोक कमानीसारखं वर गेलं. डावं अजून फळीवरच होतं. तो धडपडला, बार टाकला, फळी दणाणली.

"बारला काय झालं?"

"बारला काही झालं नाही."

दुसरा आला. तसंच. तिसरा आला, त्याचं थोडं कमी. पाच जणांनी उचललं, पाचही जण डावीकडे कलले. पहिल्याला हसले होते, पाचव्याला कोणी हसलं नाही. मग घोळक्यातून एक जण म्हणाला, जरा आर्जवाने, आदराचा 'बा' लावून, "बा बुपे, तीन आठवड्यांवर कितवे आहे. तेवढं होईपर्यंत होतं तसंच राहू दे ना. नंतर बघू."

"खरंय," दुसरा म्हणाला. "आत्ता अंगाला सवय मोडायला नको."

बुपेने त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं राग एकाच माणसावर आहे.

"कितवेत प्लेट्स कशा असतात?" तिने विचारलं.

माणसं चिशालाकडे बघायला लागली.

"सारख्या असतात," चिशाला शेवटी म्हणाला, खाली बघत. "दोन्हीकडे सारख्या."

"आणि तुम्ही दरवर्षी तिथे डावीकडे कलता. बाद होता. आणि येताना गाडीत काय म्हणता?"

"फरशी उतरती आहे."

तिने पिशवीतून छिन्नी आणि हातोडी काढली. पहिली प्लेट आडवी केली, '२०' वरचा रंग खरवडला आणि उघड्या लोखंडात १९.१ कोरायला बसली. ओतीव लोखंड कडक होतं. कोरायला पाऊण तास लागला, चारींना मिळून. तिने घाई केली नाही. मधे कोणीतरी वितुंबुव्यांचं पुडकं उघडलं आणि फिरवलं. तिच्याकडे आलं तेव्हा तिने मान हलवून नाही म्हटलं. माणसं एकेक करून कोपऱ्यातल्या डब्यांकडे जाऊन उभी राहिली. कोणी एक डबा उचलून पाहत होतं, मग दुसरा, दोन्ही हातांत एकेक धरून.

बा सांपा बाकावर बसून होते. तिची चौथी प्लेट झाली, ती उठली, तेव्हा चारही प्लेट्स चौथऱ्यावर जिथे संपल्या तिथे पडलेल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. त्यांना ते बघवेना. ते उठले, पहिलीजवळ गेले आणि वाकले. वाकताना डावा हात गुडघ्यावर टेकला, उजवा कमरेवर गेला, उजवीकडेच, आणि ते तसेच अर्धवट वाकलेले थांबले. कळ जाईपर्यंत. हॉलमध्ये सगळ्यांनी पाहिलं. मग प्लेट उचलून ते रॅककडे निघाले.

"राहू द्या," बुपे म्हणाली.

"ही उजवीकडची आहे."

"नाही."

ते प्लेट छातीशी धरून उभे होते. एकोणीस वर्षांत त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं, ते आता विचारलं. "मग कुठे टांगू?"

"कुठेही," ती म्हणाली, आणि चितेंगे उचलून कमरेला गुंडाळायला लागली.